दुसऱ्याच्या पेटीतली झाडलोट

४ जानेवारी

धाकटे,

पाठकोरा कागद बघून हसशील. पण एका बाजूला विजेचं बिल आणि दुसरी बाजू कोरी करकरीत, ती टाकून द्यायचं माझ्या जिवावर येतं. सकाळचा जप आटोपला, हे कामावर गेले, आणि तुझं पंधरवड्याचं पत्र लिहायला बसले. फोन आहे घरात, पण फोनवर तू अर्धी माझ्याशी बोलतेस आणि अर्धी दवाखान्याच्या खिडकीशी आलेल्या पेशंटांशी. कागदावर तरी मला तू सगळी मिळतेस.

डिसेंबरात चार दिवस राहून गेलीस तेव्हापासून घर मोठं मोठं वाटतं. यांनी ऑफिसातून आणलेला जुना कॉम्प्युटर तू पुसून झाकून ठेवलास, तसाच आहे. चिंगीने होस्टेलला जायच्या आधी मला त्यावर घरखर्च मांडायला शिकवलं, तेवढाच माझा आणि त्याचा संबंध.

चिंगीचा रविवारी फोन आला. अकाउंट्सचा अभ्यास कसा चाललाय विचारलं तर म्हणाली, चाललाय. जेवतेस का, तर जेवते. फोन ठेवता ठेवता म्हणते कशी, मावशी म्हणाली केस आखूड केले तर चेहरा उघडा दिसेल, म्हणून कापले. कापूनसुद्धा झाले. बारा वर्षं रोज सकाळी त्या केसांच्या वेण्या मी घातल्या, आणि कापायच्या वेळी विचारलं तुला.

हेवा वगैरे नाही हो. देवाच्या दयेने मला कशाची कमी नाही. पण तुला लेकरू नाही म्हणून माझं थोडं वाटून घ्यावं असं मनात येत असेल, तर ते बरं नाही, एवढंच. लिहून गेले. खोडलं तर कागद घाण दिसेल म्हणून राहू देते.

आणि तो गुडघा. एक्स-रे काढून घे. दवाखान्यात नोकरी आणि स्वतःच्या हाडांची हेळसांड, याला काय म्हणावं? जिना चढताना कठडा धरत जा.

तुझी ताई

*

१२ जानेवारी

ताई,

गुडघ्याचं तुला कुणी सांगितलं? मी फक्त चिंगीला लिहिलं होतं, तेही बजावून, की आईला कळवू नकोस, ती काढ्यांची यादी धाडेल. म्हणजे पोरगी तुझ्याशी बोलते तर. उगाच कुरकुर करत असतेस. खरं सांगू, मला बरं वाटलं.

लेकराचं ते वाक्य दोनदा वाचलं आणि पत्राची घडी घातली. त्यावर काही लिहीत नाही.

आता एक गंमत ऐक. माझ्या मेलमध्ये कुणीतरी येऊन जातंय. न वाचलेलं पत्र जाड अक्षरात दिसतं आणि वाचून झालं की अक्षर साधं होतं, एवढं तर तुलाही माहीत असेल. तर हल्ली मी उघडायच्या आधीच अक्षर साधं झालेलं असतं. आधी वाटलं, मीच अर्धवट झोपेत वाचलं असेल. पण पुढची गोष्ट त्याहून भारी. माझ्याकडे जाहिरातींचा ढीग साचलेला, सेल, लॉटरी, आठ दिवसांत दाट केस. मी कधी काढत नाही. तो ढीग रोज थोडा थोडा कमी होतोय. परवा बघते तर दाट केस साफ गेलेले. हा कसला चोर, जो घरात शिरून केर काढून जातो?

शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या टापटीपरावांना सांगितलं. त्याचं खरं नाव आता कुणाला आठवतही नाही, इतका तो टापटीप आहे. पेन्सिली उंचीप्रमाणे लावतो, माझा चहाचा कप न विचारता विसळून आणतो. तो म्हणाला, असा चोर सापडला तर माझ्या घरी पाठवा. तीन वर्षांपूर्वी मला मेल त्यानेच काढून दिलं, पासवर्डही त्यानेच सुचवला. तो मी अजून बदललेला नाही. बदलायला हवा, नाही का? जमेल तेव्हा बदलते.

भावजींना नमस्कार सांग.

तुझी धाकटी

*

१८ जानेवारी
(पाकिटात घातलं, पण टपालात टाकलं नाही)

चिंगे,

हे तुला लिहितेय आणि पाठवणार नाहीये, तेव्हा खरंच लिहिते.

मावशीने डिसेंबरात परतीचं तिकीट छापायला आपल्या कॉम्प्युटरवर तिचं मेल उघडलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला म्हणून ती गॅलरीत गेली. पडद्यावर प्रश्न आला, हा कॉम्प्युटर तुमचाच आहे का, लक्षात ठेवू का. आता कॉम्प्युटर आपलाच. मी खोटं बोलत नाही. मी हो दाबलं.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी खर्च मांडायला बसले तर तिची पेटी समोर उघडीच. बंद करायला गेले आणि तुझं नाव दिसलं. एकच वाचू म्हटलं. मग कळलं की असली एकशे चाळीस आहेत.

तू अकाउंट्स कधीच सोडलंस. ऑक्टोबरात. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायला शिकतेस, मालक म्हणतो हात स्थिर आहे. हे सगळं मी वाचलं, आणि रविवारी फोनवर तुला विचारलं, अभ्यास कसा चाललाय. तू चाललाय म्हणालीस. आपण दोघी एकमेकींशी खोटं बोललो आणि फोन ठेवला. मला वाईट कशाचं वाटलं सांगू? भिंगांचं नाही. तू मावशीला लिहितेस ती विनोदी लिहितेस. मालकाची नक्कल, होस्टेलच्या पाण्याची, खोलीतल्या मुलीच्या घोरण्याची. तुझे विनोद मी एकोणीस वर्षांत ऐकले नव्हते. मला वाटायचं तू अबोल आहेस.

रोज दुपारी उघडते. आधी जपाला बसायचं ठरवते, पण माळ हातात घेतली की मणी मोजायचे राहतात, म्हणून आधी वाचून घेते. वाचताना मधे तो जाहिरातींचा उकिरडा दिसतो. मला बघवत नाही, चार दोन पुसून टाकते. झाडलोट पाप थोडीच आहे असं मनाला सांगते.

पण काल मी केर काढला नाही. काल मी तुझं पत्र पुसलं.

तू लिहिलं होतंस की मावशीशी बोलताना जड जात नाही, आईशी बोलायचं म्हणजे आधी पट्टीने पान आखून घ्यावं लागतं. त्यापुढे माझ्याच्याने वाचवलं नाही. बटण दाबलं. पत्र गेलं. मावशीने ते पाहिलंच नव्हतं, अक्षर जाडच होतं.

संध्याकाळी दिवा लावला, तो रोजच्यासारखाच.

आई

*

२० जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. गुडघ्याचं म्हणशील तर हो, चिंगीच बोलता बोलता म्हणाली. आई म्हटल्यावर मुली सांगतातच.

मेलच्या त्या प्रकाराने मला काळजी वाटली. मला त्यातलं कळत नाही, पण घरात चोरी झाली की आधी किल्ली कुणाकडे हे बघतात. तूच लिहिलंस की पासवर्ड त्याने दिला. तूच लिहिलंस की तो न विचारता दुसऱ्याचा कप विसळतो. ज्याला दुसऱ्याचा कप विसळल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला दुसऱ्याचा कचरा तरी कसा बघवेल? मी कुणावर आळ घेत नाही. देव बघतो आहे. पण दवाखान्यात लोकांच्या आजारांचे कागद त्याच्या हाताखालून जातात, तेव्हा तू तुझ्या थोरल्या बाईंच्या कानावर घातलंस तर काही चूक नाही.

पासवर्डची घाई करू नकोस. आधी माणूस हाताशी लागू दे.

तुझी ताई

*

२ फेब्रुवारी

ताई,

तू म्हणालीस तसंच केलं. आठवडाभर मनात घोळवलं आणि मग प्रशासनाच्या थोरल्या बाईंना सांगितलं. त्यांनी ऐकताच वही बंद केली. म्हणाल्या, ज्याच्या हाती पेशंटची कागदपत्रं आहेत त्याने सहकारी बाईच्या खासगी पत्रांत डोकावलं असेल तर उद्या तो कुठे थांबेल? टापटीपरावला बोलावलं. त्याला वाटलं, मार्चपासून कायम करणार त्याचं पत्र द्यायला बोलावलं. शर्टाची कॉलर नीट करून गेला. वीस मिनिटांनी परत आला आणि पेन्सिली खोक्यात भरायला लागला. चोवीस तारखेला चौकशी आहे. तोवर त्याने कामावर यायचं नाही आणि मी मेलमध्ये काही बदलायचं नाही, पुरावा राहायला हवा म्हणून.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. खरं तर बघवलं नाही.

दुसरं, चिंगी गप्प झालीय. मी दोनदा लिहिलं. काल एक ओळ आली, मावशी, तुला त्रास नको. कसला त्रास? फोन केला तर कामात आहे म्हणाली. पहिल्या रविवारी घरी जाणार असं मागे कधीतरी म्हणत होती. तुझ्याकडे येणार आहे का? मी काही बोलले असेन तर तिला विचार ना, ताई. तुझ्याशी बोलते ती.

धाकटी

*

७ फेब्रुवारी

धाकटे,

दोन दिवस अंग मोडून आलंय, म्हणून थोडक्यात. रविवारी चिंगी आली नाही. तिने येणार असं मला कळवलंच नव्हतं, त्यामुळे न येण्याबद्दल विचारणार कशी?

त्या माणसाच्या घरी कोण कोण आहे?

ताई

*

१३ फेब्रुवारी

ताई,

बायको आहे, आणि तिची आई. का विचारलंस?

काल तो खिडकीशी आला, पेशंट उभे राहतात त्या बाजूने. कपाटाची किल्ली परत द्यायची राहिली होती म्हणाला. किल्लीला चिठ्ठी बांधली होती, कपाट कोणतं, कोणता खण घट्ट बसतो, सगळं त्याच्या त्या मोत्यांसारख्या अक्षरात. मी किल्ली घेतली. मागे रांग होती. तो हळूच म्हणाला, "मॅडम, मला कचरा दिसला की मी उचलतो, हे खरंय. पण दुसऱ्याच्या घरात शिरून नाही."

बस, एवढंच. मग मागच्या बाईंना पुढे यायला जागा करून दिली आणि गेला.

ताई, मला आता खात्री वाटत नाही. पण माझं तोंड उघडून झालंय, लिहून सही दिली आहे. तो नसेल तर कोण? आणि तो नसेल तर मी काय केलं हे?

चिंगीचा अजून पत्ता नाही.

धाकटी

*

१६ फेब्रुवारी

धाकटे,

आज दोन्ही बाजूंनी कोरा कागद घेतला आहे.

तुझ्या मेलमध्ये मी जात होते. तो माणूस नाही. मी.

डिसेंबरात तू ते आमच्याकडे उघडलंस आणि ते उघडंच राहिलं. उघडं राहिलं हीसुद्धा तुझी चूक नाही. कॉम्प्युटरने विचारलं, लक्षात ठेवू का, आणि मी हो म्हटलं. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. तिसऱ्या दिवशी चिंगीचं नाव दिसलं आणि तिथून पुढे मनात जे जे होतं ते सगळं होतं. तिने तुला आणि तू तिला लिहिलेलं मी एकूण एक वाचलं. गुडघा त्यातलाच. चिंगी मला काही सांगत नाही. आई म्हटल्यावर मुली सांगतातच असं जे मी लिहिलं, ते तुला खुपावं म्हणून लिहिलं.

जाहिराती मी पुसल्या. त्यामुळेच संशय त्या माणसावर गेला हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं. तुझ्या पत्रात त्याचं नाव आलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं आणि मी त्याच्याकडे तुला ढकललं. कपाचं मी लिहिलं. पासवर्ड बदलू नकोस हेही मीच लिहिलं, कारण बदललास तर मला वाचायला मिळालं नसतं. हे वाक्य लिहायला सकाळपासून बसले आहे.

आणि एक पत्र मी पुसलं. चिंगीने तुला सतरा जानेवारीला लिहिलेलं. माझ्याबद्दलची एक ओळ लागली म्हणून पुढचं न वाचताच पुसलं. ती गप्प आहे ती म्हणून. तिला वाटतं, तू वाचलंस आणि उत्तर दिलं नाहीस.

पाच तारखेला मी कचऱ्याच्या पेटीत जाऊन ते पुन्हा उघडलं, सबंध वाचलं. ते तुझं आहे, मी इथे उतरवून काढणार नाही. पण त्यातली दोन वाक्यं माझ्या अंगाला चिकटलीत. खरं तर सगळ्यात आधी आईलाच सांगायचं होतं, असं तिने लिहिलं होतं. पहिल्या रविवारी घरी जाऊन सांगते, तू फक्त शेजारी बस, बोलणार मीच. धाकटे, ती माझ्याकडेच निघाली होती. तिला सोबत म्हणून तू हवी होतीस. मी तुझ्यावरच्या रागाने तिचीच वाट बंद केली.

त्या दिवसानंतर उघडलेलं नाही. देवापुढे शपथ घेतली म्हणणार होते, पण देवाला यात ओढत नाही. वाचत होते तेव्हाही मी रोज दिवा लावतच होते.

हे पत्र थोरल्या बाईंना दाखव. वेगळं लिहून हवं असेल तर देते, सही करते, यांचं नाव घालायचं असेल तर तेही घाल. यांना आज सांगणार आहे.

ताई

*

२२ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. तीन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते नंतर खोडावं लागलं असतं.

कचऱ्याची पेटी उघडली. तिथे काही नाही. तीस दिवस झाले की ते आपोआप नाहीसं होतं म्हणे. तू सोळाला लिहिलंस, मला एकोणिसाला मिळालं. तिने मला काय लिहिलं ते आता जगात फक्त तुला ठाऊक आहे. मला सांगू नकोस. सांगायचं तर ती सांगेल.

मीही काही साधी नाही. पत्र वाचल्यावर खाली आमच्या मेल बघणाऱ्या बाईकडे गेले. तिने दोन ठिकाणी दाबलं आणि यादी काढली, कुठल्या कुठल्या कॉम्प्युटरवर माझं मेल उघडं आहे त्याची. वर आमचा, खाली तुझा, गावाच्या नावासकट. पाच तारखेपर्यंत रोज दुपारी दीड. ती यादी तिथेच होती, ताई. कुणीही बघितली असती. मी न बघता माणूस दाखवला, आणि थोरल्या बाईंनी न बघता तो घरी बसवला. तू ढकललंस हे खरं, पण मी चालत गेले.

पत्राने भागणार नाही. चोवीसला तू स्वतः ये. अकरा वाजता. त्याच्यासमोर बोल.

आणि ते लेकराचं वाक्य. उत्तर देणार नाही म्हटलं होतं, आज देते. चिंगी मला लेकरू म्हणून लिहीत नव्हती. ती एक मोठी बाई दुसऱ्या मोठ्या बाईला लिहावं तशी लिहीत होती. तुझ्या वाट्यातलं मी काही घेतलेलं नाही. तो वाटा तू कधी मांडलाच नव्हतास.

पासवर्ड बदलला. कुणाला सांगणार नाही, तुलाही नाही. तो राग नाही. तो पासवर्ड आहे.

धाकटी

*

२७ फेब्रुवारी

चिंगे,

तू सतरा जानेवारीला मावशीला लिहिलेलं पत्र तिला मिळालंच नाही. मी ते वाचलं आणि पुसलं. त्याआधीचीही तुझी सगळी पत्रं मी वाचली आहेत, तिचं मेल आपल्याकडे उघडं राहिलं होतं. मावशीचा यात काडीचा दोष नाही. तिने तुझं एक अक्षर मला सांगितलेलं नाही. तिच्यावरचा राग आधी काढून टाक, मग माझ्यावर धर.

चोवीसला मावशीच्या दवाखान्यात गेले होते. तिच्या शेजारी बसणाऱ्या एका माणसावर माझ्यामुळे आळ आला, त्याला घरी बसवलं होतं. थोरल्या बाईंच्या खोलीत तो, मी, मावशी, तुझे बाबा. मी सगळं सांगितलं, पदर डोक्यावरून घेऊन नाही, समोर बघून. बाईंनी विचारलं, का केलंत? म्हटलं, माझी मुलगी माझ्या बहिणीशी बोलते, माझ्याशी नाही, म्हणून. ते त्या खोलीत फार लहान वाटलं. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. बाईंना म्हणाला की त्याला दुसऱ्या मजल्यावर जागा मिळाली तर बरं. कायम केल्याचं पत्र त्याला तिथेच दिलं. त्याने ते न वाचता खिशात कोंबलं, घडी वेडीवाकडी. मावशी नंतर म्हणाली, वरच्या मजल्यावरचं त्याचं टेबल आता कुणाच्याही टेबलासारखं दिसतं, कागद पसरलेले, कप तसाच.

तुझ्याकडे माझं काही मागणं नाही. अकाउंट्सचं नाही, कशाचं नाही. मला जे ठाऊक झालंय ते तू मला दिलेलं नाहीस, तेव्हा ते माझं नाही असं धरून चालते आहे. जमेल तितकं.

हे पत्रही तू कुणाला दाखवायचं, न दाखवायचं, ते तुझं तू बघ.

आई

*

१८ मार्च

धाकटे,

तू या वेळी तुझ्या पाळीचं पत्र टाकलं नाहीस. समजते मी. तरी माझं टाकते.

चिंगी आली होती. शनिवारी सकाळी, न कळवता. दार उघडलं तर आखूड केसांची कुणी मुलगी उभी, क्षणभर ओळखलीच नाही. चेहरा खरंच उघडा दिसतो. ते तू बरोबर सांगितलं होतंस, एवढं लिहायला मला किती जड गेलं ते तुला कळेल.

चहा झाला. हे बाहेर गेले, मुद्दाम गेले. मी म्हटलं, मला ठाऊक आहे गं सगळं, तू त्रास घेऊ नकोस. मला वाटलं, मी तिचं ओझं कमी करते आहे. तिने कप खाली ठेवला.

"तू वाचलंयस, आई. मी सांगितलेलं नाहीये अजून. आता बस, आणि पहिल्यापासून ऐक."

मी बसले. तिने ऑक्टोबरपासून सुरुवात केली. मला पुढचं वाक्य माहीत असायचं आणि ते मी तोंडात धरून ठेवायची. मालकाची नक्कल केली तिने. ती मी वाचली होती, पण वाचताना त्यात आवाज नव्हता. मला हसू आलं, आणि ती थांबली, जणू मी हसेन हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मग पुढे बोलत राहिली. आणि एका ठिकाणी मला कळलं की पुढचं वाक्य मला माहीत नाही. पान संपलं होतं. त्यापुढे जे ती बोलली ते तिने कुठेच लिहिलेलं नव्हतं, तुलासुद्धा नाही. तिनेच सांगितलं तसं, हे मावशीलाही माहीत नाही अजून.

रागावली आहे. जाताना पाया पडली नाही, मीही वाट बघितली नाही. पण पुढच्या महिन्यात येईन म्हणाली, आणि दारातून पुन्हा मागे आली, कॉम्प्युटरपाशी बसली, आणि मला शेजारी बसवून दाखवलं की दुसऱ्याचं काही उघडं राहिलं असेल तर ते बंद कसं करायचं. वाचायच्या आधी. मला दोनदा करायला लावलं.

धाकटे, मला तुझा हेवा वाटायचा, अजून वाटतो, तो काही पत्र लिहून जाणारा नाही. तुझ्याकडे एकशे चाळीस आहेत. माझ्याकडे एक दुपार आहे. तीत ती काय म्हणाली ते मी तुला लिहिणार नाही. यांनाही सांगितलेलं नाही. तिला वाटलं तर ती तुला सांगेल, आणि नाही वाटलं तर तू विचारायचं नाहीस.

तुला थोडा हेवा वाटेल. वाटू दे.

ताई